रविवारचा नकाशा, सोमवारचा नकाशा

शहर म्हणजे काय, हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तो चिंचवड स्टेशनच्या बाहेर, हातात तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची मोजणीची काठी धरून उभा असताना. मी म्हटलं, "पुणे."

विचारणारे गोळेसर हसले नाहीत. "बरोबर. पण ते संपतं कुठे?"

मी पुण्याच्या बाजूला मान वळवली. रूळ, बाभळी, ज्वारीचं रान, मध्येच एक नवी चिमणी. म्हटलं, "सर, हितून दिसत नाही."

"मलाही दिसत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर ही पाहणी. काठी सरळ धरा, परब."

धरा! मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी अहोजाहो केलं होतं. मराठी पाचवीत असताना आमच्या देवगडकडच्या शाळेचे मास्तर बदलून गेले, दुसरे आलेच नाहीत, आणि वडील गेल्यावर मीही परत त्या वाटेला गेलो नाही. मिसरूड फुटल्यावर कारखान्यात लागायचं म्हणून इकडे आलो. एकोणीसशे पन्नासच्या दशकातले ते दिवस. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, निर्वासितांची वसाहत आधीच वसली होती, आणि हमरस्त्याच्या कडेने रोज कुणीतरी नवं कुंपण घालत होतं. पण गेटवरचा माणूस शाळेचा दाखला मागायचा. माझ्याजवळ तो नव्हता. गोळेसरांना दाखला नको होता. त्यांना काठी धरणारा, मोजणीची साखळी ओढणारा आणि उन्हात न कुरकुरणारा माणूस हवा होता. नेमणूक पाहणी संपेपर्यंतच. त्यामुळे दर शनिवारी साखळी गुंडाळताना मला धास्ती वाटायची की आता हे म्हणणार, "परब, झालं आपलं काम." पुढे याच धंद्यात माझी हयात गेली, पण ती धास्ती काही गेली नाही. आजही कुणी दप्तर आवरायला घेतलं की मला घाम फुटतो.

आता हा धंदा काय, ते सांगतो. पुण्याच्या एका संस्थेतले तिघे जण इथे शहर कसं वाढतं याचा अभ्यास करायला येत. मला वाटायचं, शहर वाढतं ते वाढतं, भोपळ्यासारखं. त्यात अभ्यासाचं काय? पण तिघांची तीन मतं होती आणि ती रोज दुपारी चंद्राबाईच्या खानावळीत एकमेकांवर आपटायची.

चंद्राबाई माणदेशाकडची. नवरा बांधकामावर आला आणि तुळईखाली त्याचा हात चेंगरला. तेव्हापासून ती भाकऱ्या थापायची आणि तो एका हाताने भांडी विसळायचा. स्टेशनपासून कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला तिची पत्र्याची शेड. बाहेर दोन बाकडी. रुळांच्या कडेच्या खोल्यांतून पाळीपाळीने झोपणारे सगळे गडी तिच्याकडेच जेवायचे. मी भाताचा माणूस. ज्वारीची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नाही हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं आणि कोपऱ्यातल्या पातेलीत मूठभर तांदूळ वेगळे शिजवायला लागली. "कोकन्याच्या भाताला कुनी हात लावाचा न्हाई," असा तिचा हुकूम होता. त्या एका वाक्यावर मी पहिले सहा महिने काढले.

तर वाद असा. गोळेसर ताटातला कांदा आडवा कापत. "हे बघा शहर. मध्ये गाभा, तिथे बाजार-कचेऱ्या. त्याभोवती कामगारांचं कडं, त्याबाहेर बऱ्या स्थितीतल्यांचं. वाढतं ते एकेका पापुद्र्याने. आपण आत्ता बसलोय ते पुण्याच्या सगळ्यात बाहेरच्या पापुद्र्यावर."

इनामदार वयाने लहान, परदेशी शिकून आलेले, बूट सतत धुळीने माखलेले. ते भाकरीचा त्रिकोणी तुकडा मोडून सरांच्या कांद्यावर ठेवत. "सर, शहर रस्त्याने आणि रुळाने पळतं. असं, फोडीसारखं. एका बाजूला कारखाने लागले की ते त्याच बाजूने लांबत जातात. आणि मी तर म्हणतो, गाभा एकच कशावरून? इथे पाच-सहा गाभे आहेत. चिंचवडला देऊळ, पिंपरीला वसाहत, आकुर्डीला..."

"आणि माणसं?" आतून कुसुमताईंचा, तिघांतल्या तिसऱ्यांचा, आवाज यायचा. त्या बाहेरच्या बाकड्यावर न बसता चुलीजवळ चंद्राबाईशेजारी जेवायच्या. "कांदा झाला, भाकरी झाली. इथे राहणाऱ्याला त्याचं गाव कुठून कुठपर्यंत वाटतं, ते विचारलंत कुणी?" त्यांची पद्धत म्हणजे दारोदार जाऊन माणसांशी बोलणं. नकाशा मागाहून.

"कांदा नासवू नका, सर," चंद्राबाई मध्येच म्हणायची. "दुसरा न्हाई मिळनार."

तिघेही एकमेकांना खूप मानत होते, हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला वाटायचं, आज नक्की हाणामारी होणार आणि माझी नोकरी जाणार.

एकदा इनामदार आम्हाला चाकणला घेऊन गेले, कांद्याच्या बाजारात. त्यांनी कागदावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं आखली होती. कल्पना अशी की खेडूत रोजच्या वस्तूंसाठी जवळच्या बाजारी जातो, मोठ्या खरेदीसाठी लांबच्या. म्हणून प्रत्येक बाजाराभोवती त्याच्या गावांचं एक घर पडतं. मोशीहून आलेला एक शेतकरी गाडी सोडून बसला होता. इनामदारांनी त्याला विचारलं, "बाबा, तुम्हाला जवळचा बाजार सोडून इथे का यावंसं वाटलं? भाव चांगला म्हणून?"

"भाव व्हय? भाव समदीकडं रडकाच."

"मग रस्ता बरा म्हणून?"

"रस्ता कसला राव, बैलाचं कंबरडं मोडलं."

"मग?"

"लेक दिलीया हितं," म्हातारा म्हणाला. "कांदा इकायचा, लेकीच्या हातचा चहा प्यायचा, नातू बघायचा अन् जायाचं. आता तिला आळंदीला दिली असती तर आमी आळंदीला गेलो असतो."

कुसुमताई पदराआड हसल्या. इनामदारांनी त्या पोळ्याच्या एका घराची रेघ खोडरबराने पुसली, जरा वाकडी काढली, आणि स्वतःच खो खो हसत सुटले. मला त्या माणसाबद्दल तेव्हापासून फार माया वाटू लागली.

पण खरी कसोटी लागली ती चुलीपाशी.

झालं असं की चिंचवडला नवी वसाहत आखायचं ठरलं. त्यासाठी जी समिती होती तिने संस्थेकडे नकाशा आणि कुटुंबांची मोजणी मागितली. स्टेशनरस्ता रुंद होणार, कडेच्या शेडी जाणार, आणि मोजणीत जे कुटुंब येईल त्याला वसाहतीत जागा. धंद्याची जागा हवी असेल तर तिथे धंदा आहे हे नकाशावर दिसलं पाहिजे. ही बातमी चंद्राबाईच्या कानावर गेलीच. एक दिवस तिने ताट सरकवत सरळ विचारलं, "सर, तुमच्या नकाशात माजी खानावळ कुटं हाय?"

गोळेसरांनी घास खाली ठेवला. "अजून काढतोय, बाई."

"काढा, पर इसरू नका. खोली मिळंल न मिळंल. पर ही बाकडी गेली तर ह्या मानसाच्या एका हाताला काम कोन देनार?" तिचा नवरा मान खाली घालून तांब्या घासत राहिला.

मोजणीचा नियम जुना होता आणि सगळीकडे तोच चालायचा: एक चूल, एक कुटुंब. जिथे स्वयंपाक वेगळा, ते घर वेगळं. नियम सोपा आणि खरा. खेड्यात भाऊ वेगळे झाले की पहिल्यांदा चूलच वेगळी होते. म्हणून आम्ही सोमवार ते शुक्रवार खोली-खोली हिंडलो. खोल्यांत खाटा होत्या, ट्रंका होत्या, देवाच्या तसबिरी होत्या. चूल एकीतही नव्हती. सगळे जेवायला चंद्राबाईकडे. कोष्टक तयार झालं तेव्हा रुळाकडेची ती अख्खी वस्ती कोरी निघाली. तिथे कुटुंबच नाही; आणि चंद्राबाई म्हणजे एक चूल, एक कुटुंब, एक खोली, बस.

कुसुमताईंनी ते वाचलं आणि माझ्याकडे वळल्या. "परब, तू कुठल्या चुलीचा?"

"चंद्राबाईच्या."

"म्हणजे तू तिचा कोण?"

 इनामदार म्हणाले, "दत्तक!" सगळे हसले, पण गोळेसर नाही. ते कोष्टकाकडे बघत म्हणाले, "नियम बदलता येणार नाही. सोलापूरला, कोल्हापूरला याच नियमाने मोजलंय. आपण इथे वेगळं मोजलं तर दोन शहरं एकमेकांशेजारी ठेवताच येणार नाहीत."

त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. ज्याची मापं रोज बदलतात त्याच्याकडून कापड घेऊ नये, हे कुणालाही समजतं.

दरम्यान कुसुमताई आपल्या पद्धतीने निघाल्या. कारखान्यातला माणूस निवांत भेटणार तो सुट्टीच्या दिवशीच, म्हणून रविवारी दिवेलागणीला त्या एकट्याच वस्तीवर आल्या. आता खानावळीची आमच्याकडची रीत अशी: रविवारी दुपारी गोडाधोडाचं किंवा वशाटाचं, मटण-मासळीचं, जेवण आणि संध्याकाळी खानावळ बंद. बाई वाढून वाढून थकलेली असते, ती एक सांज तिची. मग गडी काय करतात? तीन दगड मांडतात. रुळाच्या बांधाला लागून जिकडेतिकडे धूर. सातारकर पिठल्याला बसलेले, खानदेशी वांगी भाजताहेत, आम्ही देवगड-मालवणकडचे सुकट परतत होतो आणि भात खाली लागला म्हणून एकमेकांना शिव्या देत होतो. इतक्यात कुसुमताई समोर! मी ओशाळून उलथनं पाठीमागे लपवलं. ताईंना करपलेल्या भाताचं काही नव्हतं. त्या धुराच्या एकेका रेषेकडे बोट करून पुटपुटत होत्या, "चूल. चूल. ही पण चूल."

मला खरंच कळलं नाही त्यात काय विशेष. आम्हाला ते रविवारचं नेहमीचंच होतं.

पुढच्या रविवारी गोळेसर स्वतः आले, डोक्यावर टोपी, हातात लिहायची फळी, बरोबर इनामदार. ते प्रत्येक तीन दगडांपाशी थांबले, वाकले आणि विचारलं, "इथे कोण कोण जेवतं? नेहमी हेच?" नेहमी हेच असायचे. एका तालुक्याचे, एका पंगतीचे. कुणी नवा आला की आपल्या मुलखाच्या धुराकडे जायचा. सरांनी एकेकाचं नाव लिहून घेतलं. "जिथे चूल, तिथे कुटुंब," ते म्हणाले. "नियम पाळतोय मी." माझं नाव लिहिताना त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मोजलं जाणं म्हणजे काय, ते आयुष्यभर इतरांना मोजलेल्या माणसाने सांगू नये. पण माझे डोळे भरून आले होते, धुराने नव्हे.

आणि मग ते चंद्राबाईच्या शेडीशी आले. चूल थंडगार. राख भरून पोतेरं फिरवलेलं. चंद्राबाई पायरीवर पाय पसरून बसलेली.

सर थबकले. मग माझ्याही लक्षात आलं. गावाची मोजणी एका वेळेचीच धरायची, कामाच्या दिवसांतली आणि रविवारची मिसळायची नाही, नाहीतर एकच माणूस दोनदा येतो, हाही नियमच होता. रविवार धरला तर गड्यांना चुली मिळाल्या. पण चंद्राबाईची गेली. खानावळ नाही, कुटुंबसुद्धा नाही.

इनामदार हळूच म्हणाले, "सर, लिहून टाका. कोण बघतंय?"

"मी बघतोय," सर म्हणाले.

मी पुढे झालो. "चंद्राबाई, दोन काटक्या पेटव. एकदाच. चहा टाक हवा तर. तेवढ्याने भागेल."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे आलो. "कोकन्या, आठ दिसांत एक सांज माजी असती. त्यात देव आला तरी मी चूल पेटवत न्हाई. अन् कागदापायी पेटवू?"

"अगं, पण जागा जाईल!"

"जाऊ दे. खोटी चूल पेटवून मिळाल्याली जागा मला पचायची न्हाई." मग सरांकडे वळून जरा नरम आवाजात म्हणाली, "सर, पानी देऊ? पानी थंड हाय."

गोळेसर बाकड्यावर बसले. पाणी प्याले. त्यांनी एकदा त्या धुरांकडे आणि मग या बिनधुराच्या शेडीकडे पाहिलं. "सकाळी तुम्ही चूल कधी पेटवता?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या पाळीच्या आदी. कोंबडा आरवायच्या वक्ताला."

"मग मी सकाळी येतो."

त्या दिवशी ते दोघे पुण्याला परतलेच नाहीत. स्टेशनच्या बाकावर पडून राहिले. उजाडता उजाडता आम्ही तिघे शेडीसमोर उभे होतो. खोल्यांतून गडी बाहेर पडत होते, खानदेशी, सातारकर, आमचे, सगळे आपापले धूर विसरून एकाच दाराकडे. सर एकेका माणसाची खोली विचारत, आणि इनामदार खोलीपासून शेडीपर्यंत पेन्सिलीने रेघ ओढत. ऊन वर आलं तेव्हा कागदावर शेडीभोवती रेघांचं असं जाळं झालं की मध्ये काय आहे ते लहान मुलालाही कळावं. "हा घ्या तुमचा गाभा," सर इनामदारांना म्हणाले. "माझ्या कांद्यात बसत नाही हा. पण आहे खरा."

समितीसमोर एका गावाचे दोन नकाशे मांडले गेले: रविवार संध्याकाळचा आणि सोमवार सकाळचा. खाली सरांच्या अक्षरात लिहिलं होतं की ही वस्ती वेळेप्रमाणे आकार बदलते, म्हणून एका वेळेचा नकाशा पुरा पडत नाही, आणि दोन्हीकडे आलेली माणसं एकदाच धरावीत. कागद बघणाऱ्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तुमचा नियम तर एका वेळेचा आहे ना?" सर म्हणाले, "हो. मी तो मोडला आहे. का मोडला तेही लिहिलं आहे." सरांच्या संस्थेतल्याच काही जणांनी पुढे त्यांना याबद्दल बरंच बोलून घेतलं. मोजणीत सवलती देणारा माणूस, असं नाव झालं त्यांचं. त्यांनी ते सोसलं. त्यांच्या हयातीत मी त्यांचे या एका गोष्टीबद्दल धड आभारही मानू शकलो नाही. साहेबांशी असलं काही बोलायची हिंमत माझ्यात नव्हती. पाहणी संपली त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे घाबरून साखळी गुंडाळत होतो, तर ते म्हणाले, "परब, पुढची पाहणी लोणावळ्याकडे आहे. येताय ना?" मी मान हलवली आणि साखळी खांद्यावर टाकली. 

गड्यांना वसाहतीत चाळ मिळाली. चंद्राबाईला वसाहतीच्या फाट्यावर जागा मिळाली. आजची निगडीकडे जाणारी बसांची रांग बघून कुणाला पटणार नाही, पण तेव्हा त्या फाट्यावर एक कडुलिंब आणि एक पाण्याचा नळ एवढंच होतं. विटांची खोली, पुढे ओटा, आणि पाळी सुटली की गडी आपसूक तिच्यासमोर यावेत असा कोन. इनामदार अभिमानाने सांगायचे की तो कोन त्यांनी मोजला. कुसुमताई म्हणायच्या, "मोजलात तुम्ही, दाखवला तिने."

पुढे चाळीत बायका आल्या, चुली रोजच्या झाल्या, आणि खानावळीतली गर्दी कमी झाली. हे सगळं मोजण्यासाठी परत कुणी आलं नाही. पण चंद्राबाईची खानावळ टिकली; नवे, एकटे, कुठून कुठून आलेले गडी संपत थोडेच होते.

ती तिथे राहायला गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मी लोणावळ्याहून उतरलो आणि सरळ फाट्यावर गेलो. पोटात कावळे ओरडत होते. नव्या जागेचं पहिलं जेवण आपण करावं, अशी हौस. दिवस मावळत होता. ओट्यावर चंद्राबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी तिचा नवरा त्या एका हाताने विडी पीत होता. आत काळोख, चूल शेणाने सारवून गार.

"ये, कोकन्या," ती जागेवरून न हलता म्हणाली. "बस. खायला काय मिळनार न्हाई."

मी बसलो. आम्ही तिघे रस्त्याकडे बघत बसलो.